सर्चिंगबाई

“बंद कर! आधी ते बंद कर!” आरतीचं ताट हातात तसंच धरून सरोजकाकू टेपकडे धावल्या.

“थांबा काकू! हात लावू नका त्याला!” मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले.

गणपतीपुढं कुणी असं ओरडतं का? पण माझा आवाजच मुळात तसला, त्याला मी काय करणार. काकू जागच्या जागी थबकल्या. आरतीला जमलेली शेजारपाजारची माणसं माझ्याकडे बघायला लागली. आणि टेप आपला किंचाळतच होता. आधी एक लांबलचक शिट्टी, मग खर्रर्र, पुन्हा बारीकशी शिट्टी, पुन्हा खर्रर्र. मी डोळे मिटून ऐकत उभी राहिले. अंगावर सरसरून काटा आला.

“विजे, तुला टेप दुरुस्त करायला बोलावलंय. ऐकत काय बसलीस?” काकू वैतागल्या. “तीन टेप बदलले बघ आम्ही. आमच्या सासऱ्यांच्या, आप्पांच्या आवाजातल्या आरत्या आहेत म्हणून कॅसेट टाकवत नाही, आणि शेवट आला की हे भूत ओरडतं. दरवर्षी!”

“टेपला काही झालेलं नाही. कॅसेटलाही नाही.”

“मग हे काय आहे?”

“प्रोग्राम आहे काकू, कॉम्प्युटरचा. पूर्वीचे कॉम्प्युटर कॅसेटवरनं प्रोग्राम वाचायचे. आपल्याला ही खरखर, त्यांना ती अक्षरं.”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हुक्केरी बाई बाहेर आल्या. हाताला खोबऱ्याचा कीस लागला होता. त्यांनी सरळ जाऊन टेपचं बटण दाबलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “झाली दुरुस्ती. प्रसाद घे आणि जा.”

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. गडहिंग्लजला आमचं ‘तोडकर रेडिओज’ हे दुकान. वडील गेल्यावर मीच चालवायला लागले. टीव्ही, टेप, मिक्सर, काय वाट्टेल ते आणा, तोडकरांची विजयमाला चालू करून देते, हे गावाला ठाऊक होतं. गावाला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे दुकानाच्या माडीवर मी भंगार जमवते. लोक भंगार म्हणायचे, मी नाही. दोन दांड्यांचा टीव्हीगेम होता माझ्याकडे, ज्यात नुसता एक ठिपका इकडून तिकडं जायचा. पिवळ्या कॅसेटवाले गेम होते, ज्यांवर नऊ लाख नव्याण्णव हजार गेम असल्याचं छापलेलं असायचं आणि आत निघायचे सात. एका डॉक्टरांच्या गोठ्यात कडब्याखाली सापडलेला कॉम्प्युटर होता. सगळी मिळून अडतीस यंत्रं, त्यातली एकतीस चालू. आणि ती एकतीस मी माझ्या हातानं चालू केलीत, कोल्हापूरच्या कुठल्या इंजिनिअरनं नाही, हे मी तेव्हाही येईल त्याला ऐकवायची.

हुक्केरी बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. लग्न केलं नाही, भाऊ आणि भावजय सरोजकाकूंजवळ राहायच्या, नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. पण गावात त्यांना हुक्केरी बाई कोण म्हणतंय? ‘सर्चिंगबाई’ हेच त्यांचं नाव. ते कुठून आलं हे ज्यांना माहीत नव्हतं ती शेंबडी पोरंही म्हणायची.

कुठून आलं ते सांगते. मी आठवीत असताना सरकारी योजनेतून शाळेला पाच कॉम्प्युटर आले. कीबोर्डच्या पोटातच सगळा कारभार, मागं टीव्ही जोडायचा. बाई पुण्याला पंधरा दिवस शिकून आल्या. कुठल्या तुकडीला शिकवायचं याची चिठ्ठी टाकली, ती आठवी ब ची निघाली. मी होते अ मध्ये. त्या खोलीच्या खिडकीला नाक लावून मी अख्खं वर्ष काढलं. एकदा आत शिरून एका बटणाला बोट लावलं तर ब मधल्या पोरांनी मला हाताला धरून बाहेर काढलं. ते बोट मला अजून आठवतं.

गॅदरिंगला बाईंनी ठरवलं, आपण स्वतः लिहिलेला खेळ सगळ्यांना दाखवायचा. कोल्हापूरचे एक साहेब पाहुणे होते. स्टेजवर टीव्ही, कॉम्प्युटर, टेप, सगळा थाट. बाईंनी बटणं दाबली. पडद्यावर इंग्रजीत शब्द उमटला, ‘सर्चिंग’. म्हणजे कॉम्प्युटर कॅसेटवर प्रोग्राम शोधतोय. पाच मिनिटं गेली, सर्चिंग. दहा गेली, तरी सर्चिंग. बाईंनी कॅसेट मागं घेऊन पुन्हा लावली, पुन्हा तेच. साहेबांनी घड्याळ बघितलं. आणि मागून कुणीतरी ओरडलं, “सर्चिंगबाई!” अख्खा हॉल खो खो हसला. साहेबसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पाचही कॉम्प्युटर लोखंडी कपाटात गेले. “बाई, तुम्ही आपलं गणितच शिकवा,” एवढंच तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले. बाईंनी पुढं पंचवीस वर्षं गणितच शिकवलं, आणि पाठीमागून येणारं ते नाव खाली मान घालून ऐकलं.

तर त्या आरतीनंतर मी काही प्रसाद घेऊन गेले नाही. माणसं पांगली, काकू आत गेल्या, आणि मी पायरीवर बसून राहिले. बाईंना शेवटी बाहेर यावं लागलं.

“गेली नाहीस अजून?”

“बाई, तो प्रोग्राम गॅदरिंगचाच ना?”

त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, “घरात एकच कॅसेट होती. आप्पांनी आरत्या भरल्या, शेवटी थोडी जागा उरली. त्यात भरला.”

“मग नंतर मिटवला का नाही?”

“वेळ झाला नाही.”

पंचवीस वर्षं वेळ झाला नाही! मला हसू आलं, पण बाईंचा चेहरा बघून मी ते गिळलं. त्या आत जाऊन एक चौकटीची वही घेऊन आल्या. पानापानावर पेन्सिलीनं रंगवलेल्या चौकटी होत्या. एका चौकोनात ‘आ’, दुसऱ्यात ‘ट’, तिसऱ्यात ‘प’. त्या कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं, म्हणून बाईंनी एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी घडवलं होतं. मागच्या पानांवर प्रोग्राम. एकशे चाळीस ओळी, बाईंच्या त्या टपोऱ्या अक्षरात.

“दर मे महिन्याच्या सुट्टीत एकदा तपासते,” बाई म्हणाल्या. “ओळन्‌ओळ. मला चूक सापडत नाही, विजे. पण चालला नाही हेही खरं. म्हणजे चूक कुठंतरी असणारच की. ती माझी होती का नव्हती, एवढं मला एकदा कळायला हवं. बाकी कशाचं काही नाही.”

गणिताची बाई, आणि पंचवीस वर्षं एकच उत्तर जुळत नाही!

“बाई,” मी म्हटलं, “तुमच्या त्या पाचांतला एक माझ्याकडे आहे.”

बाई पायरीवर माझ्या शेजारी बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माझ्या एवढ्या जवळ बसल्या होत्या.

तो कसा मिळाला ते ऐका. त्या गणपतीच्या दोन महिने आधी शाळेनं जुनी खोली रिकामी केली, मोडकी बाकं आणि ते कपाट भंगारात घातलं. मला कळलं तिसऱ्या दिवशी. स्कूटर काढून तशीच भंगारवाल्या रियाजच्या गोडाउनला गेले तर चार कॉम्प्युटरांच्या पोटातली तार काढून त्यांची साफ वाट लावलेली. रडायलाच आलं. पाचवा कुठं म्हणून बघते तर रियाजनं त्याचा वजनकाट्याखाली टेकू दिलेला!

“ताई, तो काढू नका, काटा कलंडतोय माझा,” रियाज म्हणाला.

“तुला दोन विटा आणून देते. आणि तुझा रेडिओ किती दिवस मुका आहे रे?”

“वर्ष झालं.”

“उद्या बोलता करून देते. उचल तुझा काटा.”

असा तो सुटला. घरी आणून पुसायला घेतला तर वरच्या झाकणावर बोटभर जाड हळदी-कुंकवाचा थर. मला कळेना, बंद कपाटात कुंकू गेलं कसं? मग आमच्या शाळेचे जुने शिपाई ईराप्पामामा भेटले तेव्हा उलगडा झाला. कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असायची. दरवर्षी खंडेनवमीला ते कपाट उघडायचे, पाचांनाही हळदीकुंकू वाहायचे, झेंडूचं एकेक फूल ठेवायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे.

“चालत न्हाई तर न्हाई,” मामा मला म्हणाले होते. “हत्यारच हाय की ते. त्याची पूजा चुकवून कसं चालंल?”

ते कुंकू कीबोर्डच्या फटींतून आत उतरलेलं. एकेक बटण काढून मी मऊ ब्रशनं साफ केलं. इतकी वर्षं निजलेल्या यंत्राला एकदम वीज द्यायची नसते, नाहीतर आतला जुना कंडेन्सर फुटून धूर निघतो. म्हणून तो आधी बदलला. आठवड्याभरात यंत्र जागं झालं. झाकणावरचं कुंकू मात्र मी पुसलं नाही. ते पुसायचा मला काय अधिकार?

हे सगळं ऐकल्यावर बाई म्हणाल्या, “ठीक आहे. लावू. पण तुझ्या माडीवर नाही. शाळेच्या हॉलमध्ये. जिथं नाही चालला तिथंच.”

“लावू की! मी आधी माडीवर एकदा तपासून बघते, मग आपण...”

“नाही. त्याच्या आधी तू तो एकदासुद्धा लावायचा नाहीस. शब्द दे.”

“अहो बाई! पंचवीस वर्षांची कॅसेट आहे. ऐन वेळेला घात झाला तर? पुन्हा त्याच हॉलमध्ये, पुन्हा सगळ्यांसमोर...”

“चालला तर सगळ्यांसमोर चालेल. नाही चालला तर सगळ्यांसमोर नाही चालणार. चोरून बघायला मी काय चोरी केलीय?”

दिला शब्द. बाईंनी कॅसेट माझ्या हातात ठेवली आणि वर बजावलं, “आरत्यांना धक्का लागता कामा नये. सरोज मला घरात घेणार नाही.”

तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. कॅसेट दुकानात, कॉम्प्युटर माडीवर, मध्ये फक्त चौदा पायऱ्या. जमवणाऱ्या माणसाला ही केवढी शिक्षा आहे ते तुम्हाला नाही कळायचं. मी कॅसेटच्या आतली कुजलेली स्पंजची पट्टी बदलली, माझ्या टेपचं हेड स्पिरिटनं चकचकीत केलं, दुसऱ्या कॅसेटवरचे गेम घालून टेपचा आवाज कितीवर ठेवायचा ते ठरवून घेतलं. या कामात आवाजाचं फार महत्त्व असतं. कमी ठेवला तर कॉम्प्युटरला ऐकू येत नाही, जास्त ठेवला तर सगळंच फाटून जातं आणि त्याला एक अक्षर लागत नाही. माझ्या टेपवर बरोबर तीनच्या जरासं वर. बाईंची कॅसेट मात्र शब्द दिल्याप्रमाणे मी एकदासुद्धा लावली नाही. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

दिवस ठरला खंडेनवमीचा. तो ठरवला ईराप्पामामांनी, कारण पूजा त्यांच्या हातची व्हायची होती. मुख्याध्यापक देवेकर सरांनी हॉल दिला. जुन्या मुलांना मी निरोप धाडले, आणि बघता बघता गावभर झालं, सर्चिंगबाई पुन्हा कॉम्प्युटर लावणार म्हणून. हॉल भरला. अर्धे लोक प्रेमापोटी आले होते, अर्धे गंमत बघायला. टक्कल पडलेले, पोटं सुटलेले आमचे वर्गबंधू पुढच्या रांगेत बसून एकमेकांना कोपरं मारत होते.

“लोडिंग कधी होणार गं, विजू? संध्याकाळपर्यंत होईल ना? शेताकडं जायचंय,” एकजण म्हणाला आणि सगळे फिदीफिदी हसले.

“दात पाडीन तुझे,” मी म्हटलं.

बाई आल्या. जांभळ्या काठांची इरकल, केसांत शेवंती, हातात ती चौकटीची वही. वर्गात यायच्या तशाच ताठ चालत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. ईराप्पामामांनी पांढरी टोपी सारखी केली, कॉम्प्युटरला हळदीकुंकू लावलं. जुन्या थरावर नवा थर. या वेळी मात्र मी आधीच बटणांवर फडकं टाकून ठेवलं होतं. टीव्ही चालू केला, टेपची वायर जोडली, कॅसेट शेवटच्या आरतीच्या पुढं आणून ठेवली.

“बाई, करा सुरू,” मी म्हटलं.

बाईंनी बोटं टेकवली. पंचवीस वर्षांत त्या बटणांना त्यांचा हात लागला नव्हता, पण बोटं अडखळली नाहीत. पडद्यावर शब्द उमटला.

सर्चिंग.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. कॅसेट फिरत होती. हॉलमध्ये कुणी हलेना. मी पडद्याकडे बघत होते, बाई पडद्याकडे बघत होत्या, अख्खा हॉल पडद्याकडे बघत होता. दहा सेकंद. वीस सेकंद. आता सुरुवातीची शिट्टी लागायलाच हवी होती. लागली असेल, तर आत पोचायला हवी होती. मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले. तीस सेकंद. सर्चिंग.

मी टेपकडे वळून बघितलं.

टेपजवळ ईराप्पामामा वाकून उभे होते आणि त्यांचा हात आवाजाच्या बटणावर होता. बटण पार शेवटाला फिरलेलं, दहावर.

“मामा!” मी किंचाळले.

मामा दचकले. “काय झालं? आवाजच येत न्हाई गं त्याचा. कॅसेट फिरतीया अन् आवाज न्हाई. मागच्यास्नी ऐकू जायला नको?”

वायर जोडली की टेपचा स्पीकर बंद होतो. सगळा आवाज वायरीतून कॉम्प्युटरकडे जातो. बाहेर चिडीचूप. हे मला माहीत, बाईंना माहीत. पण मामांना कोण सांगणार? ज्या माणसानं चाळीस वर्षं प्रत्येक गॅदरिंगला, प्रत्येक स्वागतगीताला टेपशेजारी उभं राहून एकच काम चोख केलं, मागच्यांना ऐकू जाईल एवढा आवाज वाढवायचा, त्यांना मुका टेप कसा सोसवणार?

बाई हळूच खुर्चीवरून उठल्या. त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला होता.

“ईराप्पा,” त्या म्हणाल्या, “गॅदरिंगच्या त्या दिवशी टेपपाशी कोण होतं?”

“मीच की, बाई. दरवर्षी मीच असायचा.”

“मी तर पडद्याकडे तोंड करून होते. त्या दिवशी तुम्ही आवाज वाढवला होता?”

“व्हय. स्वागतगीत झालं अन् तुमची कॅसेट लावली, तर आवाजच बंद. साहेब म्होरं बसल्यालं. म्हटलं आपल्याच टेपनं घात केला. केला फुल्ल.” मामांनी सगळ्यांकडे बघितलं. “तरीबी काय ऐकू आलं न्हाई. समदं झाल्यावर परत बारीक करून ठिवला, रोजच्यासारखा.”

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एकाला कळलं, त्यानं शेजारच्याच्या कानात सांगितलं, त्यानं पुढच्याच्या. मामांना मात्र सगळ्यात शेवटी कळलं. त्यांचा हात बटणावरून खाली पडला.

“म्हंजे बाई... मी?” मामांचा आवाज फुटला. “ते माझ्यापायी झालं? तुमाला एवढी वर्षं लोकं...”

मला वाटलं, आता बाई रडतील, नाहीतर त्या गरीब म्हाताऱ्याला काहीतरी बोलतील. बोलल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता. बाई मामांच्या जवळ गेल्या. पूजेच्या ताटातलं कुंकू बोटावर घेतलं, टेपच्या बटणाशेजारी, मी दाखवल्या जागी, तीनच्या जरासं वर टिकली लावली.

“ईराप्पा, तुम्ही वर्षानुवर्षं याची पूजा केलीत. माझ्यासकट बाकी कुणी या कपाटाकडे फिरकलंसुद्धा नाही,” त्या म्हणाल्या. “आता आवाज तुम्हीच लावा. या टिकलीवर आणा. आणि काही झालं तरी हात लावायचा नाही.”

मामांनी धोतराला हात पुसला. बटण टिकलीवर आणलं आणि दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून उभे राहिले. मी कॅसेट मागं घेतली. बाई पुन्हा खुर्चीवर बसल्या, बोटं टेकवली.

सर्चिंग.

मग तो शब्द हलला. खाली दुसरा आला, लोडिंग. त्याच्यापुढं नाव, इंग्रजी अक्षरांत, आट्यापाट्या. त्याच्यापुढं आकडा, शून्य. एक. दोन.

“तीन!” पुढच्या रांगेतला तो शेताकडं जाणारा ओरडला. “चार!” मग सगळेच ओरडायला लागले. पाच, सहा, सात, अख्खा हॉल पाढे म्हणावेत तसा आकडे म्हणत होता, देवेकर सरसुद्धा. मी तर नाचतच होते. लाज कसली!

पडदा काळा झाला, आणि त्यावर पिवळ्या रेघा उमटायला लागल्या. आमच्या शाळेचं मैदान. नऊ पाट्या, मधून उभी सूरपाटी. प्रत्येक पाटीवर एक गडी इकडून तिकडं धावतोय, आणि खालून एक छोटीशी पोर वाट काढायला उभी आहे, दोन वेण्यांची. वर मराठीत, ठिपक्याठिपक्यांचं, बाईंच्या वहीतलं टपोरं अक्षर: ‘आट्यापाट्या’. त्याखाली ‘आठवी ब’ आणि बारा नावं.

बाई उठल्या. हॉलकडे तोंड केलं. टाळ्यांचा कडकडाट चालला होता, तो थांबेपर्यंत थांबल्या.

“आठवी अ, आठवी ब, सगळे ऐका,” त्या म्हणाल्या. “एकशे चाळीस ओळी. माझी एकही चूक नव्हती.”

एवढंच. आणि माझ्या बाईंची मान मी पहिल्यांदा एवढी वर बघितली. आजही ते आठवलं की माझी छाती फुगते.

ईराप्पामामा अजून हात पाठीमागं बांधूनच उभे होते. टीव्हीकडे डोळे बारीक करून बघत होते. बारा नावांच्या खाली शेवटची एक ओळ होती, ती ते एकेक अक्षर लावून वाचत होते.

“मै... दान... आख... णारे... ई... राप्पा...” त्यांनी टोपी काढली. “बाई, ह्ये मी?”

“मग कोण? दरवर्षी मैदानावर चुन्याची फक्की कोण टाकायचं? किती पावलांवर रेघ मारायची हे मला कुठं ठाऊक होतं? तुमच्या मागं मागं हिंडून मोजलं होतं मी.”

मामा मटकन स्टेजच्या पायरीवर बसले. पंचवीस वर्षं ज्या यंत्राला ते कुंकू वाहत आले, त्याच्याच कॅसेटमध्ये त्यांचं नाव होतं. पुढं तासभर सगळे आळीपाळीनं खेळले, पण पहिला डाव मामांनी खेळला. तिसऱ्याच पाटीवर धरले गेले आणि कॉम्प्युटरशी भांडायला लागले, “ह्यो गडी रेघ सोडून आलता, फाऊल!”

गर्दी पांगली. मी वायरी गुंडाळत होते, बाई कॅसेट पदरानं पुसत होत्या. आता नाही सांगितलं तर कधीच नाही, असं मला वाटलं.

“बाई, एक सांगायचंय. त्या दिवशी मागून ते नाव जे ओरडलं...”

“चौथी रांग, डावीकडून दुसरी,” बाई म्हणाल्या. “तुझा आवाज मी ओळखणार नाही होय? अख्ख्या शाळेत एवढा मोठा आवाज एकीचाच होता.”

मला धरणी ठाव देईना. “तुम्हाला माहीत होतं? मग मला कधी काही बोलला का नाहीत?”

“खिडकीला नाक लावून उभी असायचीस, ते रोज दिसायचं मला. चिठ्ठी ब ची निघाली, त्यात मी काय करू? पण एकदा तरी तुला आत बोलवायला हवं होतं. ते माझं चुकलं.” बाई जराशा हसल्या. “आणि नाव तसं बरोबरच ठेवलंस, फक्त माणूस चुकलीस. भंगारात हात घालून शोधत हिंडतेस ती तू. तुझं तू परत घे.”

मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि ढसाढसा रडले. त्यांनी मला रडू दिलं.

दोन दिवसांनी पेंटरला बोलावून मी दुकानाची पाटी बदलली. आई चिडली, भाऊ म्हणाला, वडिलांचं नाव पुसतेस. मी म्हटलं, वडिलांचं नाव खालच्या ओळीत राहील, ठळक अक्षरात.

आता माडीवर दोनशे सहा यंत्रं आहेत, मागची खोलीही घ्यावी लागली. बाई दर शनिवारी येतात, पोरांना ठिपक्यांची अक्षरं करायला शिकवतात. कुंकवाची टिकली लावलेला तो टेप काचेच्या कपाटात आहे. कालच नागपूरहून एकाचा फोन आला होता. त्याच्या मामाच्या घरी पोटमाळ्यावर एक जुना कॉम्प्युटर सापडलाय, चालत नाही, टाकून द्यायला जीव होत नाही.

“सर्चिंगबाई म्हणजे तुम्हीच का?” त्यानं जरा चाचरतच विचारलं.

“मीच,” मी म्हटलं. “घेऊन या. पण आधी वीज लावू नका त्याला.”